कुत्र्याची धाप आणि तीनशे वर्षांचं संशोधन



पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: ‘गृहीतक, चल, नियंत्रित प्रयोग यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण खऱ्या संशोधनात हे सगळं दिसतं कुठे?’ आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघू. प्रश्न अगदी रस्त्यावरचा आहे. मे महिन्यात दुपारी एक वाजता कुठल्याही गल्लीत बघा. उभ्या गाडीखाली एखादं कुत्रं पडलेलं असतं, जीभ बाहेर, धापा चालू. ते नेमकं काय करत असतं? आणि तेवढ्याच उन्हात एखादं कुत्रं दगावतं ते का?

‘उष्णता बाहेर टाकतं’ हे उत्तर आपण शाळेतच शिकतो. पण ते एका वाक्याचं उत्तर मिळायला दोन शतकं लागली, आणि त्यातले बारकावे तर अलीकडचे आहेत. या प्रवासात एक चल बराच काळ कुणी मोजतच नव्हतं. ते चल कोणतं, हे शोधत वाचा.

पहिला मुक्काम: साखरेची कोठी

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात हर्मन बूरहाव हे वैद्यकाचे आणि रसायनाचे युरोपभर गाजलेले प्राध्यापक होते. श्वासामुळे रक्त थंड राहतं, असं त्यांचं मत होतं. मग त्यातून तर्काने पुढचं विधान निघतं: हवा रक्तापेक्षा जास्त गरम असेल तर श्वास रक्ताला थंड करू शकणार नाही आणि प्राणी जगणार नाही.

हे तपासायला प्रयोग झाला. तो प्रत्यक्ष करणाऱ्यांत तापमापीवाले फॅरनहाइट होते. जागा होती साखर वाळवायची तापलेली कोठी, तापमान 146 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 63 अंश सेल्सिअस. आत एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रं ठेवलं. चिमणी काही मिनिटांत मेली. मांजर आणि कुत्रंही अर्ध्या तासाच्या आत गेले. कुत्र्याने आधी जोरजोरात धापा टाकल्या, तोंडातून भरपूर लाळ गळली आणि तिला भयंकर दुर्गंधी होती, अशी नोंद आहे. बूरहाव यांच्या 1732 च्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात हे सगळं आलं आणि विधान पक्कं झालं: रक्तापेक्षा गरम हवेत प्राणी जगत नाही.

हे वाचून विदर्भातला माणूस हसेल. चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 च्या वर जातो, आणि माणसं, बैल, कुत्री सगळी जगतात. युरोपात मात्र इतकी गरम हवा अनुभवलेली माणसं कमी होती. 1758 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीचे गव्हर्नर हेन्री एलिस यांनी लंडनला पत्र लिहिलं. छत्रीला तापमापी टांगून ते उन्हात फिरले होते, पारा 105 अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे जवळजवळ 40.5 अंश सेल्सिअस, आणि ते जिवंत होते. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाच्या विधानाला छत्री आणि तापमापी घेऊन निघालेल्या एका माणसाने तडा दिला.

त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिन यांनीही एका पत्रात वेगळाच मुद्दा मांडला. तापमापीच्या टोकाला ईथर लावून ते उडू दिलं की पारा भरभर खाली येतो, हे त्यांनी केंब्रिजला एका मित्राबरोबर करून पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी सुचवलं की उन्हात कापणी करणारा मजूर तग धरतो तो घाम वाळल्यामुळे. आपल्याला हे माठामुळे माहीत आहे. पाझरलेलं पाणी वाळतं तेव्हा ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी वाळताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेतं. तेच पाणी एक अंशाने तापवायला फक्त 1 कॅलरी लागते. एवढा हा फरक आहे.

दुसरा मुक्काम: लंडनची तापवलेली खोली

1774 मध्ये लंडनला डॉ. जॉर्ज फॉर्डाइस यांनी काही खोल्या शेगडीने तापवल्या आणि त्यात स्वतः शिरले. त्यांच्याबरोबर डॉ. चार्ल्स ब्लॅग्डन होते आणि कॅप्टन कुक यांच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स आणि सोलँडर हेही होते. ब्लॅग्डन यांनी 1775 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचे दोन लेख लिहिले. संशोधन करणाऱ्याने ते आवर्जून वाचावेत, कारण भाषा साधी आहे आणि नोंदी स्वच्छ आहेत.

खोलीतल्या पत्र्याच्या चौकटीवर अंडी ठेवली तर ती साधारण वीस मिनिटांत पूर्ण शिजली. मांसाचा तुकडा शिजून वाळला. भात्याने वारा घातल्यावर दुसरा तुकडा आणखी लवकर शिजला. त्याच हवेत माणसं उभी होती आणि त्यांच्या शरीराचं तापमान फारसं वाढत नव्हतं.

मग कुत्र्याचा प्रयोग केला. 32 पौंड वजनाची, म्हणजे साधारण साडेचौदा किलोची एक कुत्री टोपलीत बसवून खोलीत ठेवली. टोपली अशासाठी की जमिनीने पाय भाजू नयेत. शेगडीची थेट धग लागू नये म्हणून तिच्या तोंडासमोर आणि छातीसमोर कागद लावला. सुरुवातीला तापमान 220 अंश फॅरनहाइट होतं, अर्ध्या तासाने 236 झालं. म्हणजे सुमारे 113 अंश सेल्सिअस, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर! दहा मिनिटांनी ती धापा टाकू लागली आणि तिने जीभ बाहेर काढली. पण धाप उन्हात पळून आलेल्या कुत्र्यापेक्षा जास्त नव्हती, आणि कुणी जवळ गेलं की ती आनंद दाखवत होती. अर्ध्या तासाने टोपली उघडली तर तळ लाळेने ओलाचिंब होता. दुर्गंधी मात्र नव्हती. हे शेवटचं त्यांनी मुद्दाम नोंदवलं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बूरहाव यांचा कुत्रा होता. मांडीजवळ तापमापी लावली तर 110 अंश दिसलं. शरीराचं खरं तापमान त्याहून कमी असणार, असंही त्यांनी लिहिलं. कुत्री सुखरूप राहिली.

आता दोन्ही निष्कर्ष समोरासमोर ठेवा. 63 अंशांत एक कुत्रं मेलं. 113 अंशांत दुसरं जगलं. फक्त ‘हवा किती गरम’ एवढंच चल धरलं तर हे कोडं सुटत नाही. इथे बरेच जण म्हणतील, ‘एकाचं काहीतरी चुकलं असेल.’ तसं म्हणून पुढे गेलं की संशोधन तिथेच थांबतं. दोन्ही नोंदी खऱ्या असतील तर तिसरं काहीतरी बदललेलं आहे, जे तक्त्यात लिहिलेलं नाही.

ब्लॅग्डन यांनी त्याच खोलीत दोन सारखी मातीची भांडी ठेवली. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात तेवढंच पाणी आणि मेणाचा तुकडा. दीड तासाने नुसतं पाणी 140 अंश फॅरनहाइटवर होतं, आणि मेण वितळून ज्यावर साय आली होती ते पाणी 152 वर. नुसतं पाणी पुढे तासाभराहून जास्त वेळ उत्कलनबिंदूच्या बरंच खाली अडून राहिलं. खोली उकळत्या पाण्यापेक्षा गरम असूनही! मग दोन्ही भांड्यांत थोडं तेल टाकलं. पृष्ठभाग झाकला गेला, वाफ अडली, आणि अखेर दोन्ही भांडी खदखदा उकळली.

मला विचाराल तर सगळ्या लेखातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. प्राण्याला हात न लावता ‘बाष्पीभवन’ हे एकच चल बदललं, बाकी सगळं तेच ठेवलं. आपण न मोजलेलं चल हेच: पाणी वाळू शकतंय की नाही.

पण ब्लॅग्डन यांच्या कुत्रीच्या प्रयोगावर एक टीका करता येते, ती तुम्हीही करून बघा. बूरहाव यांच्या प्रयोगाशी तुलना केली तर इथे एकाच वेळी किती गोष्टी वेगळ्या आहेत? हवेचा कोरडेपणा, खोलीचा आकार, पायाखालची टोपली, समोरचा कागद, प्राण्याचं वजन. त्यामुळे कुत्रीच्या प्रयोगावरून ‘आर्द्रतेमुळेच फरक पडला’ असं म्हणता येत नाही. ते म्हणायला भांड्यांचा आधार घ्यावा लागतो. व्हायव्हात हा प्रश्न नक्की येतो: तुमचा निष्कर्ष नक्की कोणत्या पुराव्यावर उभा आहे?

तिसरा मुक्काम: तोंड बांधलं तर?

बाष्पीभवन महत्त्वाचं हे कळलं, पण कुत्र्याचं पाणी वाळतं कुठून? माणसाच्या सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याच्या अशा घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात, आणि तेवढ्याशा जागेतून शरीर थंड होत नाही.

1880 च्या दशकात पॅरिसला शार्ल रिशे यांनी यावर प्रयोग केले. याच रिशे यांना पुढे 1913 मध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या शोधासाठी नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की मोकळ्या तोंडाचं कुत्रं उन्हात धापा टाकून आपलं तापमान सांभाळतं, पण तोंड घट्ट बांधलेल्या कुत्र्याचं तापमान चढत जातं आणि ते मरू शकतं. एखादी यंत्रणा काय काम करते हे जाणायचं असेल तर ती बंद करून बघायची, ही शरीरक्रियाशास्त्राची जुनी रीत. ‘धाप लागते’ आणि ‘तापमान टिकतं’ हा नुसता सहसंबंध होता. तोंड बांधल्यावर तो कार्यकारणभाव झाला.

यात प्राण्यांचे हाल झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. आज आपल्याकडे असा प्रयोग सुचवलात तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती आणि संस्थेची नैतिकता समिती आधी विचारेल, ‘हे उत्तर दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही का?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक चांगलं उत्तर शेवटच्या मुक्कामावर आहे.

चौथा मुक्काम: धापेचा खर्च

आता एक शंका. धापा टाकायला स्नायू लागतात, स्नायू चालले की उष्णता तयार होते. मग थंड होण्याच्या नादात कुत्रं आणखी तापत कसं नाही?

1962 मध्ये यूजीन क्रॉफर्ड यांनी याचं उत्तर दिलं. कुत्र्याचा श्वास हळूहळू वाढत जात नाही. शांत असताना मिनिटाला तीस-चाळीसच्या आसपास असणारा वेग एकदम तीनशेच्या वर उडी मारतो. क्रॉफर्ड यांनी छाती आणि फुप्फुसांची नैसर्गिक कंपनसंख्या मोजली, तर ती आणि धापेचा वेग जवळपास सारखेच निघाले, मिनिटाला सुमारे 320. झोपाळ्यासारखंच हे. झोपाळ्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो. लय सोडून ढकललं तर जोर वाया जातो. कुत्रं आपल्या छातीच्या लयीवर श्वास घेतं, म्हणून मेहनत कमी आणि तयार होणारी उष्णताही कमी.

पुढचा प्रश्न हवेच्या वाटेचा होता. 1970 मध्ये क्नुट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की धापा टाकणारं कुत्रं हवा मुख्यतः नाकातून आत घेतं आणि बरीचशी तोंडातून बाहेर टाकतं. नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्यावर ओलं अस्तर असतं. त्यावरून जाताना हवा पाण्याने भरते. ती परत नाकातूनच बाहेर गेली असती तर वाटेत थंड झालेल्या अस्तरावर तिने काही पाणी आणि उष्णता परत टाकली असती. तोंडातून बाहेर काढली की ती उष्णता थेट बाहेर पडते. आपण ज्या जिभेकडे बघत बसतो ती अर्धीच गोष्ट. थंडाव्याचं मोठं काम नाकात चालतं. 1972 मध्ये नाकातल्या एका ग्रंथीवर काम झालं. गरमी वाढली की ती जास्त पाणी सोडते आणि त्या अस्तराला ओलं ठेवते. सतराव्या शतकात निकोलस स्टेनो यांनी वर्णन केलेली ही ग्रंथी, आणि तिचं हे काम कळायला तीनशे वर्षं गेली!

हे समजलं की कुत्रं म्हणजे चालताबोलता डेझर्ट कूलर आहे असं म्हणता येईल. ओली जाळी म्हणजे नाक, पंखा म्हणजे छाती. आणि कूलरची मर्यादा आपल्याला चांगली माहीत आहे. अकोल्यात तो खोली गार करतो, मुंबईत नुसता चिकचिकाट करतो. दमट हवेत पाणी वाळत नाही. म्हणून मुंबई-कोकणात 33-34 अंश वाचून ‘आज काही फार ऊन नाही’ असं कुत्र्याच्या बाबतीत ठरवू नका. कोरड्या 40 मध्ये सावलीत पाणी पीत बसलेलं कुत्रं कधी कधी त्यापेक्षा बरं असतं.

शेवटचा मुक्काम: दवाखान्याच्या नोंदी

2020 मध्ये ब्रिटनमधल्या एमिली हॉल, अ‍ॅन कार्टर आणि डॅन ओ’नील यांनी एकाही कुत्र्याला न तापवता मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 2016 सालातल्या नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी त्यांनी तपासल्या. उष्माघाताच्या 395 खात्रीशीर घटना सापडल्या आणि त्यांतल्या सुमारे 14 टक्के कुत्र्यांचा मृत्यू झाला होता. लॅब्रॅडॉरशी तुलना केली तर बुलडॉगमध्ये उष्माघाताचे ऑड्स सुमारे 14 पट निघाले. चपट्या तोंडाच्या जातींचा धोका एकूणातच जास्त, आणि वजन जास्त असलेल्या कुत्र्यांचाही. चौथ्या मुक्कामावरचं नाक आठवा. आपल्या हौसेपायी आपण ते नाक छोटं केलं, म्हणजे कूलरची जाळीच कापली. आपल्याकडे मोबाईलच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आले, ते याच गटातले.

त्याच गटाच्या दुसऱ्या लेखात आणखी धक्का आहे. कारण नोंदवलेल्या घटनांपैकी सुमारे 74 टक्के व्यायामामुळे होत्या, म्हणजे फिरायला नेणं, पळणं, चेंडू खेळणं. बंद गाडीमुळे झालेल्या साधारण 5 टक्के.

यावरून ‘गाडी फार धोकादायक नाही’ असं म्हणाल का? थांबा. गाडीतच मेलेलं कुत्रं दवाखान्याच्या नोंदीत येईलच असं नाही. नमुना कुठून आला हे विचारल्याशिवाय टक्केवारी वाचायची नाही. शिवाय गाडीचा पुरावा वेगळीकडून मिळतो. मुलं गाडीत राहण्याच्या धोक्यावर 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाहेर 22 ते 35 अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवून काही विशेष फरक पडला नाही. त्यात कुत्रं स्वतःच्या धापेने आतली हवा आणखी दमट करतं. बूरहाव यांची कोठी आपण पार्किंगमध्ये उभी करतो, एवढंच.

मग उन्हाळ्यात करायचं काय?

इतिहास समजला की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप निघतात.

– फिरायला पहाटे किंवा रात्री उशिरा न्या. डांबरावर हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. ब्लॅग्डन यांनी टोपली उगाच वापरली नव्हती.

– उन्हात तोंडाला घट्ट मुसकं, म्हणजे दुकानात ज्याला मझल म्हणतात ते, बांधू नका. लागलंच तर जाळीचं असं वापरा ज्यात तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतील.

– पाणी कायम भरलेलं ठेवा. वाळायला आधी पाणी हवं. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सावलीत ठेवलेलं पसरट मातीचं भांडं हेही मोठं काम आहे.

– नुसत्या पंख्याचा माणसाला होतो तेवढा उपयोग कुत्र्याला होत नाही, कारण त्याच्या अंगावर घामच नसतो. अंग आधी पाण्याने भिजवा, मग वारा द्या.

– ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि वाफ अडवतो. मेणाची साय आठवा.

– धाप थांबतच नाही, लाळ घट्ट झाली आहे, चालताना तोल जातोय किंवा उलटी होतेय, असं दिसलं तर आधी थंड करायला लागा, मग डॉक्टरांकडे न्या. तरुण, धडधाकट कुत्र्याला पाण्यात बसवता येतं, डोकं मात्र वर धरा. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी घालून वारा द्या. ब्रिटनच्या नोंदींत दवाखान्यात आणण्याआधी थंड केलेली कुत्री पाचांत एकच्या आसपास होती. बाकीच्यांचा मोलाचा वेळ प्रवासात गेला.

तुमच्यासाठी गृहपाठ

समजा तुम्हाला संशोधन आराखडा लिहायचा आहे: ‘महाराष्ट्रातील कुत्र्यांमधील उष्माघात’. ब्रिटनचे आकडे जसेच्या तसे इथे चालतील का? अकोला आणि रत्नागिरी अशी दोन ठिकाणं घेतलीत तर तापमानाबरोबर आणखी काय मोजाल? पाळलेली कुत्री दवाखान्यात येतात, गल्लीतली येत नाहीत; मग तुमचा नमुना कुणाबद्दल बोलतोय? आणि एकाही कुत्र्याला त्रास न देता हे कसं कराल?

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार-चार ओळींत लिहून बघा. पेटच्या मुलाखतीत ‘तुमचे चल कोणते?’ असं विचारतील तेव्हा व्याख्या आठवत बसायची गरज पडणार नाही. आणि लिहिता लिहिता खिडकीबाहेर एखादं कुत्रं धापा टाकताना दिसलं, तर वही तिथेच ठेवा आणि आधी त्याच्यासाठी पाणी ठेवून या.